उन्हाळी सिटी पॉप अल्बम कसा बनतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या किंवा भाड्याच्या स्टुडिओत या शैलीचा पूर्ण अल्बम करू पाहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः १९७८ ते १९८३ मधल्या टोकियोची आहेत, कारण या आवाजाचं व्याकरण तिथेच पक्कं झालं. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. सिटी पॉप म्हणजे नेमकं काय? आणि त्यातला 'उन्हाळी' अल्बम कसा ओळखायचा?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात जपानी शहरांत जे पॉप बनलं, त्यातल्या एका मोठ्या प्रवाहाला हे नाव आहे. अमेरिकन सोल, फंक, डिस्को, जॅझ-फ्यूजन आणि वेस्ट कोस्ट पॉप यांचं वळण, जपानी चाल आणि स्टुडिओतल्या निष्णात वादकांचं वादन, असं त्याचं मिश्रण. उन्हाळी अल्बम हा त्यातलाच, पण समुद्रकिनारा, मोटारीचा प्रवास आणि सुट्टी यांच्याभोवती रचलेला. लय मध्यम, गिटार स्वच्छ, वरच्या पट्टीतले स्वर मोकळे आणि चालीत थोडी हुरहुर. ही हुरहुर नसेल तर ते फक्त आनंदी गाणं होतं.

२. आधी कोणते अल्बम ऐकू? वेळ कमी आहे.

पाच पुरेत, पण प्रत्येकात एकच गोष्ट लक्ष देऊन ऐका. 'पॅसिफिक' (१९७८) हा हारुओमी होसोनो, शिगेरू सुझुकी आणि तात्सुरो यामाशिता यांचा वाद्यसंगीताचा अल्बम. गायनाशिवाय बेटांचं वातावरण कसं उभं राहतं ते त्यात कळतं. एइची ओताकी यांच्या 'अ लाँग व्हेकेशन'मध्ये (१९८१) प्रतिध्वनी आणि वाद्यांचा थर ऐका. यामाशितांच्या 'फॉर यू'मध्ये (१९८२) गिटार, बास आणि ड्रम यांचा परस्परसंबंध. हिरोशी सातो यांच्या 'अवेकनिंग'मध्ये (१९८२) ड्रम मशीन असूनही गाणं ताठर का वाटत नाही ते. अनरी यांचा 'टाइमली!!' (१९८३) तोशिकी कादोमात्सु यांनी निर्मिलेला आहे. त्यात गाण्यांचा क्रम आणि गायिकेभोवती सोडलेली जागा पाहा.

यामाशितांनी आपले अल्बम स्ट्रीमिंगपासून दूर ठेवले आहेत, त्यामुळे 'फॉर यू'साठी सीडी किंवा २०२३ साली पुन्हा काढलेली एलपी शोधा. 'अ लाँग व्हेकेशन' मार्च २०२१ पासून स्ट्रीमिंगवर आहे.

३. हे अल्बम खरोखर उन्हाळ्यात, समुद्राजवळ बनवायचे का?

बहुतेक नाही. 'फॉर यू' २१ जानेवारी १९८२ रोजी, ऐन हिवाळ्यात बाजारात आला. 'टाइमली!!' ५ डिसेंबर १९८३ चा. 'अ लाँग व्हेकेशन' आधी १९८० च्या उन्हाळ्यात यायचा होता. पण गीतकार ताकाशी मात्सुमोतो यांच्या बहिणीचं निधन झालं आणि त्यांना लिहिणं अशक्य झालं. ओताकींनी दुसरा गीतकार घेतला नाही, ते थांबले. अल्बम २१ मार्च १९८१ रोजी आला. त्याचं ध्वनिमुद्रण टोकियोतल्या रोप्पोंगी भागात, सीबीएस-सोनीच्या स्टुडिओत, चार भिंतींच्या आत झालं होतं.

करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: या अल्बममधला उन्हाळा हवेतून आलेला नाही. तो सूर, लय आणि मोकळी जागा यांतून रचलेला आहे. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीकडेच जातात.

४. किती गाणी ठेवू आणि क्रम कसा लावू?

आठ ते दहा गाणी, एकूण ३८ ते ४४ मिनिटं. ही मर्यादा एलपीची आहे. एका बाजूवर २० ते २२ मिनिटांपेक्षा जास्त कोरलं तर खाच अरुंद होते, आवाज खाली येतो आणि बास पातळ होतो. जपानमध्ये ४६ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेट सर्रास मिळायच्या, त्यात एक एलपी बरोबर मावायची. मोटारीत अल्बम अखंड ऐकला जायचा तो असा.

क्रमामागे भौतिक कारणही आहे. तबकडीच्या आतल्या भागात सुईला दर फेरीला कमी अंतर मिळतं, म्हणून तीक्ष्ण स्वर तिथे फाटतात. चमकदार, ब्रास असलेलं गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि संथ गाणं शेवटी, ही प्रथा त्यातूनही बळावली. तुम्ही एलपी काढणार नसलात तरी हा क्रम पाळा, कान थकत नाहीत. दोन बाजूंची कल्पना करून मध्ये एक ठळक वळण ठेवा. 'फॉर यू'मध्ये गाण्यांच्या मध्ये फक्त कंठस्वरांचे छोटे तुकडे आहेत. असे तुकडे २० ते ४० सेकंदांचे आणि पुढच्या गाण्याच्या सुरात संपणारे असावेत.

५. गाण्याचा आराखडा कसा असतो? मुखडा-अंतरा चालेल का?

जपानी वादक तीन भाग मोजतात: ए-मेलो, बी-मेलो आणि साबी. ए-मेलो खालच्या पट्टीत, बोलल्यासारखी. बी-मेलोत कॉर्ड बदलण्याचा वेग वाढतो आणि ताण येतो. साबी म्हणजे गाण्याचा सर्वांत उघडा, लक्षात राहणारा भाग. आपल्याकडे मुखडा आधी येतो आणि अंतरा संपवून त्याच्याकडे परत जायचं असतं. इथे साबीकडे चढत जायचं असतं. मराठी चाल बांधताना सर्वांत जास्त अडतं ते इथे, कारण सवयीने सर्वोत्तम ओळ आधी खर्ची पडते आणि साबीला काही उरत नाही.

साधा हिशोब (चार मात्रांचं एक आवर्तन धरून): प्रस्तावना ८ आवर्तनं, ए-मेलो १६, बी-मेलो ८, साबी १६. दोन फेऱ्यांनंतर ८ किंवा १६ आवर्तनांचं गिटार वा सॅक्सोफोन वादन, मग शेवटची साबी. शेवट बहुधा साबी वाजत असतानाच २० ते ३० सेकंदांत विरत जातो.

६. कॉर्ड कोणत्या? मी हार्मोनियमवर चाल बांधतो, त्या भाषेत सांगाल का?

पांढरी एक (सी) हा सा धरा. दोन मालिका पुरे होतील.

पहिली: एफ-मेजर-सेव्हन, जी-सेव्हन, ई-मायनर-सेव्हन, ए-मायनर-सेव्हन. ही सा वरून नाही, म वरून सुरू होते आणि ध वर, म्हणजे मायनरमध्ये टेकते. सा ची कॉर्ड येणार असं वाटत राहतं आणि ती येत नाही. जपानमध्ये ही मालिका इतकी रूढ आहे की तिला 'राजमार्ग' अशा अर्थाचं नाव आहे.

दुसरी: एफ-मेजर-सेव्हन, ई-सेव्हन, ए-मायनर-सेव्हन, मग जी-मायनर-सेव्हन आणि सी-सेव्हन. ई-सेव्हनमध्ये कोमल धैवत आहे, जी-मायनर-सेव्हनमध्ये कोमल निषाद. सगळे शुद्ध स्वर चालू असताना हे दोन कोमल स्वर येऊन जातात, आणि ती हुरहुर नेमकी तिथे असते. त्यांना चालीत उचला, नुसतं कॉर्डमध्ये पुरून ठेवू नका.

तिसरी गोष्ट मालिका नाही, एक जोड आहे: बासमध्ये जी आणि वर एफची कॉर्ड. जी-सेव्हनच्या जागी ती ठेवली की ओढ राहते पण धार जाते, साबीचं दार हळू उघडल्यासारखं वाटतं. बी-मेलोच्या शेवटच्या दोन आवर्तनांत ती वापरून पाहा.

७. सगळीकडे मेजर-सेव्हन आणि नाइन्थ लावल्या, तरी गाणं कॅफेतल्या पार्श्वसंगीतासारखं वाटतं. का?

तीन कारणं असतात. एक, सगळ्याच कॉर्ड सारख्या मऊ आहेत. मऊपणा जाणवायला मध्ये साधी मेजर किंवा तीक्ष्ण सेव्हन्थ लागते. दोन, कीबोर्डवर डावा हात खालच्या सप्तकात पूर्ण कॉर्ड वाजवतोय आणि बासची जागा खातोय. मूळ स्वर बासला द्या. कीबोर्डच्या डाव्या हाताने फक्त ३ रा आणि ७ वा स्वर, उजव्याने बाकीचे दोन. तीन, चाल कॉर्डच्या मागे रेंगाळते आहे. कॉर्ड बंद करून नुसती चाल आणि बास वाजवा. तेवढ्यावर गाणं उभं राहत नसेल तर चालच पुन्हा बांधावी लागेल. सजावटीने ते सुटत नाही.

८. लय किती ठेवू? ड्रमवादक नाही, प्रोग्रामिंगच करायचं आहे.

मिनिटाला ९५ ते ११५ मात्रा. १२० च्या वर गेलात की डिस्को होतो, ९० च्या खाली बॅलड.

१०५ च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग सुमारे १४३ मिलिसेकंदांचा असतो. सगळी जान या चौथाई भागांच्या कमी-जास्त जोरात आहे. हाय-हॅटवर मात्रेचे चार ठोके असतील तर पहिला ९०, तिसरा ७५, दुसरा आणि चौथा ४५ ते ५५, अशी तीव्रता (१२७ पैकी) द्या. स्नेअरचे मुख्य ठोके २ ऱ्या आणि ४ थ्या मात्रेवर, ११० च्या आसपास. त्यांच्या मधले हलके ठोके २५ ते ४०. स्नेअर ५ ते १० मिलिसेकंद उशिरा सरकवा, किक जागेवरच ठेवा. स्विंग ५२ ते ५४ टक्के, त्याहून जास्त नको.

किट लहान आणि कोरडं निवडा. यामाशितांकडे १९८० पासून जुन आओयामा (ड्रम) आणि कोकी इतो (बास) ही जोडी वाजवत असे. त्यांच्या वादनात भराव (फिल, म्हणजे मधली जागा भरणारे जादा ठोके) फार कमी आहेत. बारा आवर्तनांत एकच भराव, पण तो साबीच्या दारात. प्रोग्रामिंगमध्ये दर चार आवर्तनांनी टॉमचा गडगडाट घालण्याचा मोह होतो, तो आवरा. शेकर, काँगा किंवा टँबोरिन यांपैकी एकच तालवाद्य खऱ्या हाताने वाजवून मुद्रित केलं, तरी संपूर्ण प्रोग्राम जिवंत वाटतो.

९. बास स्लॅप करावा का, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकून वाजवावा का?

साबीत किंवा वादनाच्या तुकड्यात चार-आठ आवर्तनं चालेल. बाकी बोटांनी. महत्त्वाचं म्हणजे स्वर कुठे संपतो. २ ऱ्या आणि ४ थ्या मात्रेवर स्नेअर वाजण्याआधी बासचा स्वर कापला गेला की तिथे हवा शिरते. तसा कापला नाही तर कितीही चांगलं वाजवलं तरी गाणं जड होतं. प्रोग्रामिंग करत असाल तर आधी स्वरांची लांबी तपासा, मग स्वर.

१०. ती खळखळती गिटार कशी वाजवतात आणि कशी मुद्रित करतात?

याला तिथे 'कटिंग' म्हणतात. 'फॉर यू'च्या पहिल्या गाण्याची सुरुवात हा त्याचा आदर्श नमुना. यामाशितांची टेलिकास्टर तिथे एकटी सुरू होते आणि मग सगळा ताफा येतो.

उजवा हात थांबत नाही, मात्रेला चार वेळा खाली-वर चालूच राहतो. काय ऐकू येईल ते डावा हात ठरवतो. बोटं दाबली की कॉर्ड, किंचित सैल केली की फक्त 'चक्'. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, नाहीतर मोकळ्या तारा गुणगुणतात. कॉर्ड वरच्या तीन किंवा चार तारांवरच, ५ व्या ते १० व्या पडद्याच्या दरम्यान. खालच्या दोन तारा बासच्या आहेत. पिक ०.६ ते ०.७ मिलिमीटरचा. जाड पिक तारेत अडकतो आणि मनगट आखडतं.

मुद्रणासाठी सिंगल-कॉइल पिकअप, आवाज स्वच्छ, ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये थेट. अँप्लिफायर नसला तरी अडत नाही, कन्सोलमध्ये थेट गिटार घेणं ही त्या काळातलीही रूढ पद्धत होती. कंप्रेसर ४:१, अटॅक १० ते २० मिलिसेकंद, ४ ते ६ डेसिबल दाब. अटॅक याहून जलद केला तर 'चक्' नाहीसा होतो आणि तोच तर हवा आहे. १५० हर्ट्झखालचं कापा, ३ ते ५ किलोहर्ट्झवर थोडं उचला. डावी-उजवीकडे दोन गिटार हव्या असतील तर एकच ट्रॅक कॉपी करू नका. दुसऱ्यांदा वाजवा, आणि शक्यतो दुसऱ्या जागेवरची कॉर्ड घेऊन.

तीन अडचणी नेहमी येतात. गिटार सुरात असूनही कॉर्ड बेसूर लागते: डावा हात फार दाबतोय, तारा ताणल्या जातात. लय मागे पडते: वाजवताना सॉफ्टवेअरमधून ऐकताय. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेला सुमारे ५.३ मिलिसेकंद, येऊन-जाऊन त्याच्या दुप्पट. बफर ६४ वर आणा किंवा इंटरफेसवरून थेट ऐका. आवाज पत्र्यासारखा येतो: तारा अगदी नव्या आहेत किंवा पिकअप पुलाजवळचा आहे. मधली जागा निवडा.

११. कोणता कीबोर्ड? मी यामाहा डीएक्स-सेव्हनचे आवाज घेतले, तरी १९८१ सारखं वाटत नाही.

वाटणारही नाही, कारण डीएक्स-सेव्हन १९८३ साली आला. १९८१-८२ चा रंग हवा असेल तर फेंडर ऱ्होड्स, यामाहाचा सीपी-८० इलेक्ट्रिक ग्रँड, खरा पियानो आणि प्रॉफेट-फाइव्ह किंवा ओबरहाइमसारखे अॅनालॉग सिंथेसायझर घ्या. घंटेसारखा काचेरी इलेक्ट्रिक पियानो ऐकू आला की कान १९८४ च्या पुढे जातो. तोही उन्हाळा सुंदर आहे, फक्त वेगळा आहे. एका अल्बममध्ये एकच काळ पाळा.

ऱ्होड्सवर कोरस लावायचा तर हलका. वेग मिनिटाला नव्हे, सेकंदाला अर्धा ते एक फेरा. ड्रम मशीनलाही हेच लागू: लिन कंपनीचं एलएम-वन १९८० चं, लिनड्रम १९८२ चं.

१२. ब्रास आणि व्हायोलिन परवडत नाहीत. प्लगइनने भागेल का?

व्हायोलिन भागतील, ब्रास अर्धवट. जपानी स्टुडिओत तंतुवाद्यांचा प्रचलित मेळ ६-४-२-२ असा: पहिली व्हायोलिन सहा, दुसरी चार, व्हायोला दोन, चेलो दोन. लायब्ररीत मोठ्या सिंफनीचा संच न घेता याच मापाचा लहान संच निवडा, आणि लांब धरलेल्या कॉर्डऐवजी गायकाच्या दोन ओळींमधल्या उत्तराच्या ओळी लिहा.

ब्रासचे छोटे फटके प्लगइनवर लगेच खोटे वाटतात. एक खरा ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वादक दोन तासांसाठी बोलवा, सर्वांत वरची ओळ त्याच्याकडून दोनदा वाजवून घ्या आणि खालचे स्वर प्लगइनचे ठेवा. पुणे-मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात उत्तम ट्रम्पेट वाजवणारे आहेत. स्वरलिपी आधी पाठवा, कारण ट्रम्पेट बी-फ्लॅटचं वाद्य आहे आणि त्याची लिपी एक पूर्ण स्वर वर लिहावी लागते. ऑल्टो सॅक्सोफोनसाठी तर हे अंतर मेजर सिक्स्थचं.

१३. मागे गाणारे आवाज एवढे रेशमी कसे येतात?

एकाच माणसाने अनेकदा गाऊन. यामाशितांनी १९८० च्या 'ऑन द स्ट्रीट कॉर्नर'मध्ये सगळे कंठस्वर स्वतःच एकावर एक रचले होते. घरी करायचं तर तीन स्वर, प्रत्येकी चार वेळा, म्हणजे बारा ट्रॅक. पहिल्या दोन फेऱ्या मायक्रोफोनपासून १५ सेंटिमीटरवर, पुढच्या दोन अर्ध्या मीटरवर, थोडा श्वास मिसळून. शेवटचे 'त', 'स', 'क' फक्त एका ट्रॅकमध्ये उच्चारा, बाकीच्यांत गिळा. नाहीतर बारा 'स' वेगवेगळ्या क्षणी फुसकारतात. पिच दुरुस्ती सगळ्यांवर पूर्ण लावली तर बारा आवाज एकाच आवाजासारखे चपटे होतात, म्हणून फक्त उघड बेसूर स्वर हाताने सरळ करा.

१४. रिव्हर्ब (घुमारा) किती? लावला की चिखल, काढला की कोरडं.

प्लेट प्रकारचा एकच मुख्य रिव्हर्ब सगळ्या गाण्यांसाठी. लांबी १.६ ते २ सेकंद, प्री-डिले ४० ते ६० मिलिसेकंद, रिव्हर्बच्या वाटेवर २५० हर्ट्झखालचं आणि ८ किलोहर्ट्झवरचं कापलेलं. प्री-डिलेमुळे शब्द आधी येतो आणि हवा नंतर, चिखल बहुधा तेवढ्याने जातो. किक आणि बास पूर्ण कोरडे. गिटार जवळपास कोरडी. गायन, मागचे स्वर, व्हायोलिन आणि स्नेअर यांनाच हवा मिळू द्या.

अपवाद ओताकींचा. 'अ लाँग व्हेकेशन'मध्ये अनेक अकूस्टिक गिटार आणि एकाहून अधिक पियानो एका खोलीत एकत्र वाजवून वर भरपूर प्रतिध्वनी दिला आहे. तो परिणाम एका गिटारवर जास्त रिव्हर्ब लावून मिळत नाही. आधी वादकांच्या बारीक फरकांचा थर लागतो. घरी करायचं तर अकूस्टिक गिटार किमान पाच वेळा, दोन वेगळ्या गिटारांवर वाजवा, आणि मग सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब द्या.

१५. लाटांचा आवाज घालू का?

संपूर्ण अल्बममध्ये फार तर एकदा. लाटांचा आवाज सगळ्या वारंवारितांत पसरलेला असतो, त्यामुळे हाय-हॅट आणि रिव्हर्बची शेपटी त्याखाली झाकली जाते. प्रस्तावनेत वापरून ड्रम येण्याआधी पूर्ण काढा. दर गाण्यात लाटा लागत असतील तर अडचण मांडणीत आहे, ६ आणि १० पुन्हा पाहा.

१६. कॅसेटसारखी खरखर आणि डगमगता सूर लावल्यावर अस्सल वाटेल ना?

हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. हे अल्बम त्या काळातल्या सर्वोत्तम साधनांवर, दोन इंची टेपच्या २४ ट्रॅकवर, अत्यंत स्वच्छ मुद्रित झाले होते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडीची विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या शीर्षकांत 'अ लाँग व्हेकेशन' होता. खरखर आणि सूर खाली ओढणं हे पुढे इंटरनेटवर जुन्या गाण्यांचे तुकडे वापरून केलेल्या संगीतातून आलं. ती वेगळी शैली आहे. इथे टेपचं प्लगइन लावायचंच तर ड्रम आणि बासवर हलकं, सूर डगमगण्याची सोय बंद ठेवून.

१७. मास्टरिंगला आवाज किती मोठा ठेवू?

उणे १४ ते उणे १२ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू-पीक उणे १ डेसिबल. याहून मोठा केला तर आधी मरतात ते स्नेअरचे हलके ठोके आणि गिटारचा 'चक्', म्हणजे ८ आणि १० मध्ये घेतलेले सगळे कष्ट. मोटारीत ऐकून पाहा, पण खिडक्या उघड्या आणि गाडी चालू असताना. मागचे स्वर तिथे ऐकू आले तर मिक्स बरोबर आहे.

१८. जपानी येत नाही. मराठीत लिहिलं तर उन्हाळा तसाच उतरेल?

ऋतू वेगळा आहे हे आधी मान्य करावं लागतं. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी जून ते जुलैचा मध्य पावसात जातो, मग कडक ऊन, शाळांची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यात ओबोनचा सण, आणि त्यानंतर समुद्रात जेलीफिश वाढून पोहणं थांबतं. उन्हाळा जेमतेम दीड महिन्याचा आणि सुरुवातीपासून संपत चाललेला. मात्सुमोतोंच्या गीतांत तो बऱ्याचदा होऊन गेलेला असतो, गाणारा त्याकडे वळून पाहतो.

आपला उन्हाळा संपतो तेव्हा सुटका होते, वळीव येतो आणि लोक आनंदतात. म्हणून 'उन्हाळा संपला' ही ओळ मराठीत त्याच जागी दुखत नाही. दुखतं ते मे महिन्याची सुट्टी संपणं: आजोळहून निघालेली सकाळची एसटी, फणसाचा वास लागलेली पिशवी, शेवटचा मुक्काम. किंवा ऋतूच बदला. कोकण किनाऱ्यावरचा डिसेंबर, निळं आकाश आणि लवकर येणारी संध्याकाळ, या संगीताला मेपेक्षा जवळचा आहे.

गाताना लांब स्वर आ, ए, ओ वर येतील असे शब्द साबीत ठेवा. चौथाई मात्रांच्या धावत्या ओळीत जोडाक्षरं टाळा, जीभ अडते आणि लय सांडते. साबीत दोन-तीन इंग्रजी शब्द घालण्याची जपानी पद्धत मराठीत घ्यायलाच हवी असं नाही.

१९. मुखपृष्ठ कसं असावं? तो जलतरण तलाव आणि नारळाचं झाड कुणाचं?

दोन चित्रकार लक्षात ठेवा. हिरोशी नागाई यांनी 'अ लाँग व्हेकेशन'चं मुखपृष्ठ केलं: निळं आकाश, तलाव, पामची झाडं, दुपारच्या धारदार सावल्या आणि माणूस एकही नाही. हे चित्रविश्व अल्बमच्या आधी, १९७९ मध्ये त्याच नावाच्या चित्रपुस्तकात आलं होतं. एइजिन सुझुकी यांनी 'फॉर यू'चं केलं: सपाट रंगांचे कापल्यासारखे तुकडे, दुकानांच्या पाट्या, अमेरिकन वळण. 'एफएम स्टेशन' या पाक्षिकावरही त्यांची चित्रं असत.

यातलं तत्त्व घ्या, चित्र उचलू नका. भर दुपारचा एकच प्रकाशस्रोत, सावल्या कडेने स्पष्ट, निम्म्याहून जास्त जागा आकाशाला. तलावाऐवजी वेंगुर्ल्याची बंदराची भिंत किंवा रिकामा बसथांबाही चालतो. चौरस, ३००० × ३००० पिक्सेल.

२०. जुन्या जपानी गाण्याचा तुकडा वापरू शकतो का? किंवा मराठी शब्द घालून गाऊ?

तुकडा वापरायचा तर दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि रचनेच्या प्रकाशकाची. तुकडा किती सेकंदांचा आहे यावर सूट नाही. जपानी रचना भारतातही संरक्षित असतात.

चाल तीच ठेवून मराठी शब्द घालणं हे साधं कव्हर नव्हे, ते रूपांतर आहे आणि त्याला प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मधली कव्हरची तरतूद इथे उपयोगी पडत नाही. पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं जावी लागतात ही अट जुनी गाणी पूर्ण करतात, पण तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल करायला त्यात मनाई आहे. प्रकाशक कोण हे शोधायला जॅसरॅक या जपानी संस्थेचा रचनांचा शोधसंच इंटरनेटवर खुला आहे. ६ मधल्या मालिका मात्र कुणाच्याच मालकीच्या नाहीत, त्या निर्धास्त वापरा.

२१. आम्ही दोघंच आहोत, खोलीही एकच. कामाचा क्रम कसा लावू?

आधी दहाही गाणी नुसत्या कीबोर्ड आणि गायनावर मुद्रित करा आणि क्रम ठरवा. दोन गाणी इथेच गळतील, गळू द्या. मग सगळ्या गाण्यांचे ड्रम एका आठवड्यात, म्हणजे किट एकच राहील. नंतर बास, कीबोर्ड आणि गिटार, याच क्रमाने. मग मुख्य गायन, आणि ते झाल्यावरच मागचे स्वर, ब्रास, व्हायोलिन. सजावट आधी केली तर गायकाला जागा उरत नाही आणि तो ओरडू लागतो.

एकेक गाणं पूर्ण करत गेलात तर दहाव्या गाण्यापर्यंत तुमची आवड बदललेली असते आणि अल्बम दोन तुकड्यांचा वाटतो. मिक्स करताना प्रत्येक गाण्यातून एक वाद्य काढून ऐका. त्याची आठवण आली नाही तर ते परत घालू नका.

२२. उन्हाळी अल्बममध्ये एखादं हिवाळी गाणं चालेल का?

चालतं, आणि त्याला चांगले दाखले आहेत. 'अ लाँग व्हेकेशन'चं शेवटचं गाणं सैबेरियाच्या रेल्वेला निरोप देणारं आहे. यामाशितांचा 'मेलडीज' जून १९८३ मध्ये आला आणि तो संपतो नाताळच्या गाण्यावर. युमी मात्सुतोया यांनी तर १९८० च्या अल्बमच्या नावातच समुद्रावरचं सर्फिंग आणि बर्फ एकत्र आणले.

अटी दोन. ते गाणं शेवटचंच असावं. मध्ये आलं तर त्यानंतरचं ऊन परत पटत नाही. आणि वाद्यमेळ तोच राहू द्या: तोच ड्रम, तीच गिटार, तोच रिव्हर्ब. बदलायची ती पट्टी आणि कॉर्डचा रंग. मायनरमध्ये सुरू करा, मेजर-सेव्हन जवळपास काढून टाका, आणि आधीच्या गाण्यानंतर नेहमीपेक्षा दुप्पट, म्हणजे चार ते पाच सेकंदांची शांतता ठेवा. स्लेज-बेल घालायची गरज नाही.